रेल्वेमागची जमीन आणि आमचे दिनकरभाऊजी

या, जरा जवळ येऊन बसा. पुरवणी चाळत चाळत मागच्या पानावरच्या कोड्याकडे निघाला होतात ना? मला ठाऊक आहे, मीही तेच करते. गेलेल्या माणसाबद्दल लिहिलेलं असलं की आपण फोटो बघतो, ‘अरेरे’ म्हणतो आणि पान उलटतो. आज तसं करू नका. चहा आणायचा असेल तर आणा, तो फोन उपडा ठेवा आणि मग ऐका. मी काही लेखिका नाही. सातवी झाली आणि शाळा सुटली, पुढचं सगळं आपलं आपण वाचून शिकले, म्हणून बोलते तसंच लिहिते. आणि आज जे सांगायचंय ते सांगताना मान वर होत नाहीये, तेव्हा मध्येच उठून जाऊ नका. नाहीतर मलाही थांबायला निमित्त मिळेल.

दिनकरभाऊजी गेले, त्याला आता काही आठवडे झाले. बातमी कशी कळली, तिथपासूनच लाजेची सुरुवात आहे. त्यांचं घर आमच्या घरापासून चार गल्ल्या सोडून. पण मला कळलं ते लायब्ररीत. काउंटरवरच्या बाईनं माझी पुस्तकं घेतली, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, “दिनकरचं ऐकून फार वाईट वाटलं. तुम्ही अगदी जवळचे असाल ना?” आणि मी काय केलं असेल? ‘काय झालं त्यांना?’ असं विचारलं नाही. ते विचारलं असतं तर आम्ही किती जवळचे आहोत ते उघड झालं असतं. मी मान हलवून “थँक यू” म्हटलं. दुःखाचं सांत्वन आधी घेतलं आणि दुःख नंतर बाहेर फुटपाथवर आलं... घरी आले तर आमचे हे संत्रं सोलत बसले होते. म्हटलं, “दिनकरभाऊजी गेले.” हे म्हणाले, “कोण म्हणालं?” म्हटलं, “लायब्ररीतली बाई.” हातातलं संत्रं ताटलीत ठेवत म्हणाले, “त्यांच्या शैलानं नाही कळवलं?” “कशाला कळवेल?” मी म्हटलं. ते सोललेलं संत्रं संध्याकाळपर्यंत तसंच ताटलीत होतं.

आता मुळापासून सांगते. लंडनच्या वायव्येला, ट्यूबची लाइन संपत येते तिथलं आमचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही. आमचे हे हाडांचे डॉक्टर, शैला भूल देणारी डॉक्टर, दोघं एकाच हॉस्पिटलात. शैलाच्या पाठोपाठ तिचे मिस्टर आले, ते दिनकरभाऊजी. तेव्हा आमच्या महाराष्ट्र मंडळात सगळे नवरे डॉक्टर आणि आम्ही सगळ्या ‘डॉक्टरांच्या मिसेस’. हे एकच जोडपं उलटं. ओळख करून देताना लोक अडखळायचे, तेव्हा भाऊजी स्वतःच पुढे होऊन हात जोडायचे, “मी डॉक्टरीणबाईंचा मिस्टर. जातीचा शेतकरी. सध्या बेकरीत पाव भाजतो, पण ते तात्पुरतं.” सासवडकडचे, अंजिराच्या गावचे. आवाज असा की वरच्या मजल्यावरची झोपलेली मुलं उठावीत. बढाई मारण्यात पहिला नंबर, आणि दुसऱ्याच्या घरात शिरून “वहिनी, आमटीत मीठ कमी आहे” हे न चाखता, नुसत्या वासावरून सांगायचे. राग यायचा आणि मीठही कमीच असायचं.

रेल्वेच्या मागे एक पडीक तुकडा होता. फार पूर्वी तिथून विटांसाठी माती काढत. नंतर लोकांनी गाद्या, फुटक्या बाटल्या, बाबागाड्यांची चाकं असं काय काय टाकलं आणि त्यावर ब्रॅम्बलच्या, म्हणजे रानटी ब्लॅकबेरीच्या, काट्यांची पुरुषभर जाळी माजली. इथे कौन्सिल, म्हणजे आपल्याकडची नगरपालिका, लोकांना भाजी पिकवायला जमिनीचे लहान तुकडे भाड्यानं देतं, त्याला अलॉटमेंट म्हणतात. हा तुकडा कागदावर अलॉटमेंटच होता, पण घेणार कोण? भाऊजींनी घेतला. बेकरीची शिफ्ट संपवून विळा, कुदळ घेऊन तिकडे जायचे. काटे तोडले, काचा वेचल्या, आणि खाली निघाली चिकट पिवळी माती. ओली असताना पाय टाकला तर बूट तिथेच राहायचा आणि वाळली की कुदळ उलटी उडायची. भाऊजी येता-जाता मुठीत माती दाबून बघायचे आणि म्हणायचे, “वाफसा नाही आला.” वाफसा म्हणजे माती ना फार ओली ना फार कोरडी, कुदळीला राजी झालेली वेळ. या देशात ती वेळ फारशी येत नाही. आली की मात्र भाऊजी डोळे मिटत असले तरी पळत सुटायचे.

रविवारी आमच्या दाराशी येऊन हाक, “डॉक्टर, गाडीची डिकी उघडा!” गावाबाहेर घोड्यांचा तबेला होता, तिथली लीद फुकट मिळायची.

“अहो, गाडी नवीन आहे!” हे कळवळून म्हणायचे.

“घोडेही काही जुने नाहीत. आणि शुद्ध शाकाहारी माल आहे, सोवळ्यातला. बसा, मी चालवतो.”

“तुम्हाला चालवता कुठे येते?”

“म्हणून तर म्हटलं, तुम्ही बसा!”

दोघं शाळकरी पोरांसारखे जायचे आणि सोमवारी ह्यांचे पेशंट क्लिनिकमध्ये लिदीच्या वासानं नाक मुरडत बसायचे. आमच्या ह्यांना इतकं हसताना मी त्या दिवसांत बघितलं, पुढे नाही.

पहिल्या वर्षी मंडळी हसली. ‘शैलाचा नवरा चिखलात खेळतो’ म्हणाली. मग घेवडा आला. काठ्यांवर चढलेला, लाल फुलांचा, तोडून तोडून संपेना. मग कोथिंबीर, मुळे, लाल भोपळा. आणि चाकवत! चाकवत इथे तण म्हणून आपोआप उगवतो, इंग्रज लोक उपटून फेकतात. भाऊजी शेजारच्या वाफ्यावरच्या म्हाताऱ्यांना म्हणाले, “तुमचा कचरा मला द्या,” आणि त्या कचऱ्याची ताकातली भाजी करून शैलानं त्याच म्हाताऱ्यांना वाढली. मग काय, लोक येत गेले. गुजराती आले, जमैकाच्या बायका आल्या, इंग्रज आजोबा आले, आणि हसणारं आमचं अर्धं मंडळही आलं. प्रत्येकाचा तुकडा पहिल्यांदा भाऊजींनी खणून दिला. आमचाही. गणपतीला दूर्वा कुठून? भाऊजींच्या बांधावरून. खिरापतीच्या वाट्यांपेक्षा त्यांच्या भाजीच्या पिशव्यांभोवती जास्त गर्दी.

मग तिथे कौन्सिलनं पार्किंग करायचं काढलं. सभा झाली आणि भाऊजी उठून मोडक्यातोडक्या इंग्रजीत असे काही बोलले की टाळ्या थांबेनात. सगळे म्हणाले, दिनकर, तू निवडणुकीलाच उभा राहा. राहिले. कुठल्या पक्षाचे नाहीत, एकटेच. प्रचाराला निघाले ते हातात घेवड्याच्या पिशव्या घेऊन, प्रत्येक घरी एक. कारण आपल्यात कुणाच्या दारी रिकाम्या हातानं जायचं नसतं ना! झालं. निवडणुकीच्या माणसानं बोलावून तंबी दिली. भाऊजी तडक आमच्या स्वयंपाकघरात.

“वहिनी, ते म्हणतात, भाजी देणं म्हणजे लाच.”

“मग नका देऊ.”

“अहो, पण रिकाम्या हातानं दारात उभं राहायचं आणि वर मत मागायचं? भिकारीसुद्धा आधी गाणं म्हणतो!”

तसेच, शरमेनं लाल होत, हात पाठीमागे बांधून दारोदार फिरले आणि निवडून आले. आम्ही सगळे कौन्सिलच्या सभागृहात वरच्या गॅलरीत बसून खाली त्यांना बघत होतो. शैला माझ्या कानात म्हणाली, “टाय मी बांधलाय, सोडता येत नाहीये त्यांना.” मंडळानं शाल, नारळ दिला. ‘आपला माणूस, आपला माणूस’ म्हणत आम्ही त्यांना मिरवलं. पार्किंग रद्द झालं. जमीन वाचली. पुढे पुन्हा पुन्हा निवडून येत राहिले.

कौन्सिलर, म्हणजे नगरसेवक, आठवड्याला लोकांना भेटायला बसतात, त्याला इथे सर्जरी म्हणतात. तिथे एक बाई आली. दोन मुलं घेऊन ती हॉटेलच्या एका खोलीत राहत होती, कौन्सिलकडे द्यायला घर नव्हतं म्हणून. भाऊजी तिच्याबरोबर खोली बघायला गेले. धाकटं निजलेलं, म्हणून दिवा बंद. मोठी मुलगी बाथरूममध्ये कमोडच्या झाकणावर वही ठेवून, फरशीवर बसून गणितं सोडवत होती. भाऊजींनी हे आम्हाला येऊन सांगितलं, आणि सांगताना त्यांचा तो मोठा आवाज इतका खाली गेला होता की मी गॅस बंद करून ऐकलं. त्यानंतर ते तशा खोल्या बघतच राहिले. आणि मग कौन्सिलनं पुन्हा जागा शोधायला काढली तेव्हा रेल्वेमागच्या जमिनीचं नाव आलं. या वेळी पार्किंगसाठी नाही, घरांसाठी.

मत द्यायच्या आधी त्यांनी सगळ्या अलॉटमेंटवाल्यांना चर्चच्या हॉलमध्ये बोलावलं. मागून कळायला नको, तोंडावर सांगतो म्हणाले. उभे राहून सांगितलं, “मी घरांच्या बाजूनं हात वर करणार आहे.” मग आमचे हेच उठले.

“दिनकरराव, आम्ही तुम्हाला निवडून दिलं ते ही जमीन राखायला.”

“खरं आहे.”

“तुम्ही स्वतः काटे काढलेत तिथले. तुमची जमीन आहे ती!”

“माझी नव्हती हो डॉक्टर,” भाऊजी म्हणाले. “मी फक्त आधी पोचलो होतो.”

एवढंच. खरं ऐकलं की माणूस रागावतो. हे कोट चढवून बाहेर पडले, मी पाठोपाठ. जाताना मी भाऊजींकडे बघितलंही नाही. घरं मंजूर झाली. घेवड्याच्या काठ्यांवरून बुलडोझर गेला, सगळ्यात आधी भाऊजींच्याच तुकड्यावरून, कारण तो फाटकाशी होता.

आपल्या माणसांची भांडणं तुम्हाला माहीत आहेत. आपण आरडाओरडा करत नाही, आपण बोलावत नाही. गणपती आले तेव्हा घरोघरी फोन करायची यादी वाटून घ्यायची पद्धत होती. त्यांचं नाव ज्याच्या वाट्याला असेल त्याला वाटलं, दुसरा करेल. दुसऱ्याला वाटलं, आपणच कशाला वाईट व्हा. आणि पत्रिकेत खाली ते आपलं ठरलेलं वाक्य होतंच, ‘नजरचुकीने कोणास निमंत्रण न पोचल्यास हेच निमंत्रण समजावे.’ काय सोयीचं वाक्य आहे बघा! सगळ्या गावाचं मन त्याच्या आडोशाला उभं राहिलं. नजरचूक कसली? नजर तर चांगली टक्क उघडी होती. ती पत्रिका त्यांच्याही लेटरबॉक्समध्ये पडली असणार. भाऊजी आले नाहीत. ‘बघा, बोलावलं होतं, पण ताठा किती!’ असं म्हणायला आम्ही मोकळे झालो. पुढच्या वर्षी तसंच, त्याच्या पुढच्या वर्षी तसंच. पुढची निवडणूक ते हरले. कुणी कुणाला काही विचारलं नाही, पण आमच्या घरातली दोन मतं कुठे गेली नव्हती ते आम्हाला माहीत होतं. शैला दुकानात भेटायची, “बरी आहेस ना?” “बरी आहे,” एवढंच. आम्ही समजत होतो, भाऊजी घरात तोंड लपवून बसले असतील. आणि खरं सांगते, तसं समजण्यात थोडं बरंही वाटायचं.

फ्युनरलला गेलो. क्रेमॅटोरियमचा हॉल गच्च भरलेला. पुढच्या रांगांत आम्हाला एकही ओळखीचा चेहरा दिसेना. टॅटूवाले तरुण, हिजाबातल्या बायका, शाळेच्या युनिफॉर्ममधली मुलं, काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्या. कुणीतरी म्हणालं, ही रेल्वेमागच्या घरांतली माणसं. पेटी त्यांनी खांद्यावर आणली. मंडळाची आम्ही सगळी शेवटच्या रांगेत, पांढरे कपडे घालून, पाहुण्यांसारखी. खांदा द्यायचा मान चौघांचा, त्यात आमच्यातला एकही खांदा नव्हता... शैलानं वळून एकदा आमच्या रांगेकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर सोसलं असतं. तिनं नुसत्या ओळखीच्या लोकांकडे बघतात तसं बघितलं.

मग मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन. “काकू, पुरवणीसाठी तुम्हीच लिहा, तुम्ही घरगुती छान लिहिता. शाल-नारळाचा फोटो आहे आपल्याकडे. फक्त तो घरांचा विषय नको, उगाच कशाला.” मी शैलाकडे गेले. दाराशी घर विकायला काढल्याची पाटी. तिनं दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही.

“लिहायला सांगितलंय मला,” मी म्हटलं.

“लिही की. शालीशी थांबणार असशील तर मात्र लिहू नकोस.”

“शैला, तू कुठे चाललीस?”

“ग्लासगोला, मुलीकडे. तिथे मला कुणी ओळखत नाही, तेवढंच बरं.” मग दार लोटता लोटता थांबली. “त्या घरांकडे कधी गेली होतीस?”

“नाही.”

“मग लिहिणार काय तू, कपाळ?”

दार बंद. मी तिथेच उभी. जुनी मैत्रीण गावातून निघाली आहे, आणि तिला ‘राहा’ म्हणायला माझ्या तोंडात शब्द नाही, असं कधी झालंय का तुमचं? होऊ नये.

दुसऱ्या दिवशी मी निघाले तर हे बूट घालून दाराशी आधीच उभे. रेल्वेचा पूल ओलांडला आणि खाली बघितलं. विटांची ठेंगणी घरं, आणि प्रत्येकाच्या मागच्या अंगणात खणलेले वाफे. एक नाही, दोन नाही, सगळ्या अंगणांत. फाटकाशी गुडघ्यावर बसून एक बाई गवत काढत होती, ब्रेंडा नाव तिचं. म्हणाली, सगळं दिनकरनं खणून दिलं. घरं बांधणाऱ्यांनी माती दगडासारखी दाबून टाकली होती, तर हा मनुष्य कुदळ घेऊन पहिल्याच आठवड्यात हजर, आणि शेवटपर्यंत येत राहिला. तोंड लपवून बसलेत असं आम्ही समजत होतो ती सगळी वर्षं ते इथे होते.

मग तिनं आम्हाला नीट निरखलं. “यू मस्ट बी हिज पीपल,” म्हणाली. आणि हात पुसत आम्हाला कोपऱ्यातल्या सामायिक जागेकडे घेऊन गेली. एक लांबट वाफा, रिकामा, स्वच्छ, कडेनं फळ्या लावलेला. “हा तुमचा,” म्हणाली.

“आमचा?”

दरवर्षी ते तिथे मेथी पेरायचे. ब्रेंडाच्या लोकांना ती कशी करायची माहीत नाही, कडू लागते. कुणी विचारलं की भाऊजी म्हणायचे, राहू दे, तोडू नका, आमची माणसं रविवारी येतील. मग ती वाढायची, फुलायची, शेंगा यायच्या, वाळायची. भाऊजी त्याच शेंगांचे दाणे काढून डब्यात भरायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा पेरायचे. डबा अजून तिथल्याच एका घराच्या जिन्याखालच्या कोठीत आहे, त्यांच्या जाकिटाशेजारी. तिथल्या कुणी ती कोठी आवरलेली नाही. “यंदा कधी पेरायची ते तो सांगून गेला नाही,” ब्रेंडा म्हणाली, “तुम्ही सांगाल का?”

आमचे हे त्या फळीवर बसले. हाडांचा डॉक्टर, उभ्या जन्मात कुणापुढे न वाकलेला, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून... मी पुढचं लिहीत नाही. घरी येऊन मला म्हणाले, “सगळं लिही. हॉलमध्ये कोण उठलं होतं तेही लिही.” म्हणून वर लिहिलंय.

मी तिथूनच शैलाला फोन लावला होता. म्हटलं, “ब्रेंडा विचारतेय, मेथी कधी पेरायची.” मग म्हणाली, “थांबा तिथेच.” घरातल्या सपाता तशाच पायात घालून आली. दाणे मुठीत घेतले आणि पेरायला लागली, ओळी सगळ्या वाकड्या. “हसू नकोस,” मला म्हणाली, “मी भूल देणारी आहे, पेरणारी नाही.” मी हसत नव्हते. पण ती मला तसं बोलली, पूर्वीसारखं, हेच मला पुष्कळ झालं. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही, विचारायचा हक्क कुठे आहे?

शैलाचं घर विकलं गेलंय, उन्हाळा सरायच्या आत ती ग्लासगोला जाईल. तोवर शनिवारी सकाळी ती त्या वाफ्याशी असते, आणि मीही. तिनं कुणालाही बोलवायचं नाही असं ठरवलंय, आणि ते बरोबरच आहे, म्हणून हे मी माझ्या जबाबदारीवर सांगतेय. मंडळातल्या सगळ्यांना, आणि गेल्या काही वर्षांत ज्यांनी भाऊजींना रस्त्यात बघून फुटपाथ बदलला त्यांना तर नाव न घेता सांगतेय. मेथी उगवली आहे. दोन-दोन पानं होती, आता दाट झाली आहे, कोवळी आहे. या तिथे. शैलाशी काय बोलावं सुचणार नाही, मलाही सुचत नाही, नुसती जुडी खुडायला बसा तिच्याशेजारी. पण लवकर या हो... निदान या वर्षी तरी ती फुलावर जायच्या आत या.